चिंधीची माया

ठासणीच्या बंदुकीत आधी दारू, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी, आणि वरून ठासायला गज. तीस वर्षं नवऱ्याचा हा नाद चाललेला. चिंध्या कातरून द्यायचं काम बाईंचं. जगाचे ब्लाउज शिवून मान मोडून घेतलेली बाई. चार चिंध्यांनी काय फरक पडतो?

गेल्या महिन्यात नेमबाजीच्या मैदानावरच्या पंचाने सगळ्यांदेखत बजावलं होतं, "काका, हात फार कापतो. आता पुन्हा गोळी खाली पडली, तर रेषेवर उभं करणार नाही."

म्हणून हा खटाटोप. मोडक्या टेबलाच्या पायाचा ठोकळा, त्याला पाच भोकं. चिंधीसकट गोळ्या घरीच त्यात बसवायच्या. मैदानावर भोक नळीच्या तोंडावर धरायचं आणि लाकडी दट्ट्याने गोळी आत ढकलायची. गुंडाळाय-बिंडाळायची भानगड नाही. उद्या स्पर्धा, दहा बारांची.

"बघ," तो म्हणाला. गोळी भोकात अलगद बसली. "केसाचा फरक नाही. जन्म लेथवर गेलाय, चेष्टा नाही."

बाईंनी गोळी काढली, खाली चिंधी धरून पुन्हा दाबली. गोळी जाईना.

"कापड जाड आणलंस तू."

"तेच आहे. वीस वर्षं तेच आहे."

"मग?"

"अहो, शिवणीत ठेवतात तशी माया सोडायला विसरलात."

त्याने चिंधी दोन बोटांत धरून चाचपली. मग हळूच म्हणाला, "चिंधीच विसरलो गं. मी!"

बाईंच्या जिभेवर चांगलं खमंग काहीतरी आलं होतं. ते गिळून त्यांनी गोल कानस उचलली. "धरा घट्ट. थरथरला हात तर थरथरू दे, फक्त सोडू नका."

पाचही भोकं त्यांनी घासली. तासभर गेला, खांदा भरून आला. शेवटी चिंधीसकट गोळी कुरकुरत आत गेली. दट्ट्याची मूठ तळहातात धरून त्याने गोळी पलीकडे ढकलली. हात थरथरला, पण ती सरळ गेली.

"आता उरलेल्या पाचांसाठी दुसरा ठोकळा करायचा का?" बाईंनी विचारलं. मनातल्या मनात त्या नाही म्हणत होत्या.

"नको. पाच बार टाकतो आणि पंचाने सांगायच्या आत मीच मागे सरतो."

"नक्की?"

"नक्की. तू चिंध्या पाचच काप."

बाईंनी कात्री घेतली आणि पाच कापल्या.