घटाखालची लादी

जरा वाकून बघा. देव्हाऱ्याखाली, कोपऱ्यात. चकचकीत जमिनीत चार लाद्या तेवढ्या मळकट दिसतात ना? त्यांतली भिंतीपासून जरा दूरची, ती मी. मोझॅकची लादी बोलतेय.

भांडुपच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे कालवले, साच्यात दाबले, पाण्यात भिजत घातले. जन्मतः आम्ही सगळ्याच खरखरीत. घरात बसवल्यावर घासायचं मशीन फिरतं आणि मग आमचं रूप उजळतं, नवरीला हळद लागावी तसं. माझी हळद मात्र राहूनच गेली.

दीडेक वर्षापूर्वी, पंच्याऐंशी साली, मी नाहूरला दशरथच्या घरी आले. दशरथ मरोळच्या एका कारखान्यात फिटर. घरात त्याची आई द्रौपदीबाई आणि बायको क्षमा. तोवर खाली जुनी शहाबादी फरशी, कडा उडालेली. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात क्षमा त्याच फरशीला ठेचकाळून पडली. थोडक्यात निभावलं. तेव्हापासून तिनं एकच धरलं, "बाळ येण्याआधी जमीन नवी हवी."

"कर गो, पण पितृपक्षात नको," द्रौपदीबाई म्हणाल्या. सगळ्यांना पटलं. पितृपक्ष संपला की दुसऱ्याच दिवशी काम सुरू करायचं ठरलं. आता, त्याच दिवशी घट बसतात हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! द्रौपदीबाईंनी तर घटासाठी माती आणून ठेवली होती. वाईट दिवस टाळण्यात माणसं इतकी गुंततात की चांगला दिवस कशाचा, तेच विसरतात.

खंडू लादीवाला आम्हाला हातगाडीवरून घेऊन आला, तेव्हा कोपऱ्यात पाटावर घट बसला होता. भोवती मातीत धान्य पेरलेलं, शेजारी अखंड दिवा.

"आजी, हे जरा आतल्या खोलीत ठेवू की," खंडू म्हणाला.

"घट हलवूचो नाय." द्रौपदीबाई दिव्याशी मांडी घालून बसल्या.

"वाट लागली!" खंडूनं छिन्नी खाली ठेवली.

"अहो आई, दोन मिनिटांचं काम," क्षमा म्हणाली. "सगळी जमीन नवी आणि कोपरा तसाच? लोक हसतील."

"हसूंदेत. ह्यो दिवो तुझ्या पोटातल्यासाठी लावलंय मी. विझलो तर?"

"आणि ही जमीन मी कोणासाठी करतेय?" क्षमानं पोटावर हात ठेवला.

खंडूनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "म्हंजे दोघींचं गिऱ्हाईक एकच की! मग भांडताय कशाला?"

त्यानं चपला बाहेर काढल्या, पाटाभोवती खडूची रेघ मारली आणि रेघेच्या आत छिन्नी लावली नाही. जुनी फरशी फोडताना धूळ उडे, तेव्हा द्रौपदीबाई सूप आडवं धरून दिवा राखायच्या. त्यांचा हात भरून आला की क्षमा सूप धरायची. रुसलेलीच, पण धरायची.

मग मशीनवाला आला. त्याचं पाणी चौफेर उडतं, म्हणून त्यानंही कोपरा सोडला. बाकीच्या लाद्या आरशासारख्या झाल्या. कोपऱ्यासाठी उरलेल्या आम्ही चौघी दाराआड उभ्या.

दसऱ्याला घट उठले, पण खंडू गावी गेलेला. "त्यात काय? मी आहे ना!" दशरथ म्हणाला. लाकडी हातोडा नव्हता, म्हणून त्यानं क्षमाचं लाटणं घेतलं. आम्हाला बसवलं मात्र सरळ. एवढं सरळ की दोन दिवस येईल त्याला दाखवत होता. पण चार लाद्या घासायला मशीनवाला कशाला फिरकतोय?

"काय गं, या चार दुसऱ्या घरच्या का?" शेजारची प्रेमा विचारून गेलीच. क्षमानं आमच्यावर चटई टाकली. मला फार लागलं ते.

क्षमा बाळंतपणाला माहेरी गेली आणि मुलगी घेऊन आली. पोर रांगली, उभं राहायची खटपट करू लागली आणि घरात नवीनच पंचाईत झाली. गुळगुळीत जमिनीवर तिचा पाय सरके. एकदा हनुवटी फुटली. रक्त पुसता पुसता क्षमाच रडू लागली, "हिच्यासाठी केली जमीन, आणि हीच घसरतेय!"

एका सकाळी चटई धुवायला काढली होती. देवाच्या घंटीच्या ओढीनं पोर माझ्यावर आली. माझ्या खरखरीत अंगावर तिच्या पावलांना पकड मिळाली. उठली, डुलली आणि हात सोडून उभी राहिली.

"देवीची जागा ती!" द्रौपदीबाईंनी हात जोडले.

"आणि लादी बसवली कोणी, आये?" दशरथनं छाती पुढे काढली.

क्षमानं खाली बसून माझ्यावरून तळवा फिरवला. चटई पुन्हा आत आली नाही.

परवा शेजारी विद्याधरकडे घासायचं मशीन आलं. दशरथ धावतच घरात शिरला. "अगं, बोलावू त्याला? चार लाद्या, आत्ता होऊन जातील."

क्षमानं पोरीकडे बघितलं. "नको. आधी हिला नीट चालू दे."

खरं सांगू? मलाही आरसा व्हायचं होतं. भिंतीपलीकडे मशीन घरघरत होतं, तेव्हा जीव जरा खालीवर झालाच. पण पोरगी माझ्यावरून शेजारच्या गुळगुळीत लादीवर पाऊल टाकते, दचकते आणि परत माझ्याकडे वळते. म्हणून एवढंच सांगते, या घरी आलात तर बसायचा पाट जरा पलीकडे मांडा. इथे चालायचं शिक्षण चाललंय.