एकदाच विचारलं

"एकदाच विचारलं त्यानं! एकदाच!" यदुल्लानं चहाचा पेला आदळला. "अशानं माणूस हो कसं म्हणणार?"

"तोंड उघडून," त्याची बायको मोलूक खानम म्हणाली.

लालेजार रस्त्यावरच्या जुन्या शबाहंग हॉटेलचं रूप पालटलं होतं. जिना घासूनपुसून लखलखीत झाला, खोल्या कमी झाल्या आणि उशा वाढल्या. नवा मालक बर्दिया, जुन्या मालकांचा नातू, जर्मनीत वाढलेला. त्यानं म्हाताऱ्या दरवानाला विचारलं होतं, "आगा यदुल्ला, दारावर तुम्हीच राहाल ना?"

यदुल्लानं छातीवर हात ठेवला. "छे छे, मी कसला आता! तरुणांना उभं करा." आता आग्रह होईल, पुन्हा होईल, मग आपण नाइलाजानं मान तुकवू.

"जशी तुमची मर्जी," म्हणून पोरगं गेलंसुद्धा!

अहो, तेहरान आहे हे! इथं दोन शेजारी 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत न्हाव्याच्या दारात असे अडकले, की न्हाव्यानं दोघांची दाढी उंबऱ्यावरच केली. अडकल्या जागी ती पुन्हा वाढली, पुन्हा केली.

तेव्हापासून यदुल्लाच्या पायाला भिंगरी. नानवाल्याची भट्टी घराला लागून, पण हा नान आणायला जायचा तो लालेजारवरून. हॉटेलसमोर खोकायचा, रेंगाळायचा. बर्दिया आतून हात हलवायचा, "रोज चालता? छान! तब्येत जपा!"

उद्घाटनाच्या सकाळी मोलूकनं त्याची कॉलर सारखी केली. "सरळ सांग. बेटा, मला राहायचंय. जीभ झडणार नाही."

"सांगतो गं!"

रस्ताभर तो तेच घोकत गेला. झुंबरं विकणाऱ्या दुकानदारांना वाटलं, म्हातारा देवाशी भांडतोय.

बर्दिया दारातच होता. "आलात! चला आत, दारासाठी माणूस मिळत नाहीये, तुमच्याशी बोलायचंच होतं."

यदुल्लाचं काळीज कोंबड्यासारखं फडफडलं. त्यानं तोंड उघडलं. पण एका जन्माची सवय आधी बाहेर पडली. कमरेत वाकून, हात दाराकडे करून तो म्हणाला, "आधी आपण."

"बरं," म्हणून बर्दिया आत गेला. मागोमाग काचेचं नवं दार आपसूक मिटलं, कुणाच्याही हाताशिवाय. आत पाहुण्यांनी त्याला घेरलं.

पायरीशी एक मोटार येऊन थांबली. यदुल्लानं कोटाची बटणं लावली, दोन पायऱ्या उतरला आणि मोटारीचं दार उघडून धरलं.