वाकडी शिलाई

"सूनबाय, येक आयक. सासूशी भांडाचं सोडू नको."

सासऱ्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भंतेजी जेवून उठले आणि आम्ही भांडी घासायला बसलो, तेव्हा शेजारच्या बनूबाईंनी माझ्या कानात हे सांगितलं. मला त्यांचा रागच आला. घरातलं माणूस जाऊन आठवडा नाही झाला आणि ही बाई भांडणाच्या गोष्टी करते! मी "बरं" म्हटलं आणि मोठं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं.

खरं म्हणजे आमच्या घरात भांडणाला कधी तोटा नव्हता. माझी यशू दहा महिन्यांची. मी बी.कॉम. झालेली, उल्हासनगरच्या डॉक्टरांनी दिलेलं बाळाच्या काळजीचं पुस्तक मला तोंडपाठ. ती झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघायचा, आणि तिने बोट पकडलं की आपल्यामुळे उठली म्हणून हळहळायचं. सासूबाई, म्हणजे जनाबाई, त्या पुस्तकाला 'तुझी पोथी' म्हणायच्या. मी पाणी उकळलं की त्या विचारायच्या, "आणि राजरत्नला मी गटाराचं पाजलं काय?" राजरत्न म्हणजे माझे मिस्टर. ते मुकाट्याने अंबरनाथला कंपनीत निघून जायचे.

सासऱ्यांनंतर हे सगळं बंद झालं. मी ठरवूनच टाकलं होतं, आईंना दुखवायचं नाही. त्यांनी गुटी उगाळली तरी मी "हो आई", काजळ घातलं तरी "छान दिसतं आई". मग त्या गुटी उगाळण्याआधी मला विचारायला लागल्या. त्यानंतर विचारणंही थांबलं. "तू म्हणशील तसं," एवढंच. राजरत्न खूश. "घरात किती शांतता आहे ना गं," म्हणाले. मला मात्र ती शांतता नीट वाटत नव्हती. आई अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायच्या, आणि मी ते बघून न बघितल्यासारखं करायचे.

एके सकाळी केस विंचरता विंचरता त्या म्हणाल्या, "पहिल्या तारखेपासून मी कारखान्यात जाणार नाही. शेठला सांगते."

कारखाना म्हणजे आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प पाच वस्तीतलाच जीन्स शिवायचा गाळा. आई आणि बाबा, म्हणजे माझे सासरे सुदाम, लग्न झाल्यापासून तिथेच, शेजारशेजारच्या मशीनवर. बाबा खिसे लावायचे, आई बाजूची शिलाई मारायच्या. दिवसभर त्यांची जुगलबंदी चालायची म्हणे. "जना, ही शिलाई आहे का घाटाचा रस्ता?" "आधी चष्मा पुसा तुमचा!" बाकीच्या कारागिरांना रेडिओची गरज नव्हती. तो गाळा सुटला तर आई दिवसभर घरात काय करणार, अर्धी भाकरी ठेवून भिंतीकडे बघणार? मला धडकीच भरली.

त्या दिवशी आई डबा विसरल्या. मी यशूला कडेवर घेऊन द्यायला गेले.

आत शिरले तर इतकी माणसं, इतक्या मशिनी, पण बोलणं कोणाचंच नाही. बाबांच्या मशीनवर पांढरी चादर. शेजारी आई मान खाली घालून शिवत होत्या. मागे कापडाच्या गठ्ठ्याआड संतोष बसला होता, बाबांच्या हाताखाली तयार झालेला कारागीर. तो एक पॅन्ट उसवत होता. मी वाकून बघितलं तसा दचकला.

"वहिनी, मावशीला बोलू नका हां," तो कुजबुजला. "तिची शिलाई हल्ली वाकडी जाते. आम्ही पीस गुपचूप उसवतो आणि परत मारतो. तिला कळत नाही."

हरेशशेठ काउंटरवरून उठून आले. ते सिंधी, पण मराठीही त्यांच्या परीने बोलतात. "देखो बेटी, मैंने ही बोला सबको. अम्मा को कोई टोकेगा नहीं. दुःखातली बाई आहे. माल थोडा लेट जाएगा, जाने दो."

माझे डोळे भरून आले. किती चांगली माणसं! आणि तेवढ्यात मी आईंकडे बघितलं. त्या मशीन थांबवून आमच्याचकडे बघत होत्या.

संध्याकाळी त्यांना घ्यायला गेले. भाजी गल्लीतून घरी येताना त्या म्हणाल्या, "संतोष उसवतो ना?"

मी भाजीच्या टोपल्यांकडे बघायला लागले.

"माझी शिलाई मला ओळखू येत नाही व्हय? पहिली चुकून वाकडी गेली. मन नव्हतं थाऱ्यावर. कोणी काहीच बोललं नाही. मग दुसरी मुद्दाम मारली."

"मुद्दाम?"

"बघावं म्हटलं कोणी बोलतंय का. तिसरी तर अशी मारली की तुझे सासरे असते तर मशीनवरून उडी मारून आले असते. तरी शेठ म्हणतो, बढिया अम्मा!" त्यांनी एका भेंडीचं टोक मोडून बघितलं. "मेलेल्या माणसाबद्दल कोणी वाईट बोलत नाही, स्वप्नाली. माझ्याबद्दल पण कोणी बोलेना. मला वाटलं, मी पण गेलेच की काय."

भेंड्या घेतल्या आणि घरी आलो.

घरी आल्यावर हात धुऊन आईंनी यशूला घेतलं आणि सवयीने तिच्या डोक्यावर लोकरीचं टोपडं चढवलं. मे महिना. पंख्याची हवासुद्धा गरम. यशूचं तोंड टोमॅटोसारखं झालं. माझ्या ओठांवर "हो आई" आलंच होतं. ते मी गिळलं.

"अहो आई, ती पोर आहे का वाफवायचा ढोकळा?"

आईंनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

"काढा ते टोपडं! पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, उन्हाळ्यात डोकं झाकायचं नाही."

"तुझ्या पुस्तकाला झालंय का एक तरी पोर?"

"आणि काजळ पण बंद! डोळे चिकटतात तिचे."

"राजरत्नचे चिकटले का? चांगला टकामका बघून तुला पसंत केली त्याने!"

"तीच तर चूक झाली ना त्यांची!"

आवाज इतका चढला की बनूबाई खिडकीत आल्या आणि समाधानाने परत गेल्या. राजरत्न दारात चपला काढता काढता थबकले. "अगं, बाबांना जाऊन किती दिवस झाले, आणि तुम्ही दोघी..."

"तू गप रे!" आई म्हणाल्या, आणि मीही, एकदमच.

यशू खदखदून हसली. आईसुद्धा हसायला गेल्या आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा असं पोटातून. टोपडं तोंडाला लावून त्या बसून राहिल्या. मी शेजारी बसले. त्या रात्री त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि भेंडी चिकट झाल्याचंही सांगितलं.

सकाळी मीही त्यांच्याबरोबर गाळ्यावर गेले. आईंनी पदर खोचला आणि बाबांच्या मशीनवरची चादर ओढून काढली.

"शेठ, झाकून ठेवली तर गंजेल ही. संतोषला इथे बसवा."

"अम्मा, वो सुदामभाई की..."

"माहितीये कोणाची. मला शेजारी कोणीतरी बोलणारं पाहिजे. काय रे संतोष, काल माझे किती पीस उसवलेस?"

संतोषने शेठकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "मावशी, खरं सांगू? कसली बेकार शिलाई मारतेस गं तू. ती जीन्स घालून माणूस सरळ चालणार नाही."



"आणि तू लावलेला खिसा?" आई कडाडल्या. "त्यात हात घातला तर गुडघ्यातून बाहेर येईल!"

गाळाभर हशा पिकला. शेठनेही डोळे पुसले, डोळ्यांत धूळ गेल्यासारखं करून.

आई अजून जातात गाळ्यावर. कधीकधी मध्येच मशीन थांबवून मोकळेपणाने रडतात, संतोष चहा आणून ठेवतो, "घोट घे आता आणि शिव्या दे मला," म्हणतो. रडणं काही संपलेलं नाही, आणि ते संपावं असं मलाही वाटत नाही.

तुमच्या चाळीत, बिल्डिंगमध्येही माणूस गेलेल्या घराचं असं एखादं दार असेल. पहिल्या आठवड्यात तिथे चपलांचा ढीग होता. आता एकच जोड असतो. येता-जाता आपण त्या दाराशी आवाज लहान करतो, पावलं हलकी टाकतो. आज तसं करू नका. कडी वाजवा, आत जा, आणि बघा हो जरा, ते माणूस आज जेवलंय का?