भोंग्यानं पोटात ठेवलेला फेस

बसा असे जवळ. ज्या माणसाच्या पोटात उभ्या जन्मात काही राहिलं नाही, त्याच्या पोटात एकदा राहिलं आणि त्याची काय गत झाली, ते सांगतो तुम्हाला.

त्याला सगळे भोंगा म्हणतात. प्रयोगशाळेत सशांचे पिंजरे धुणं, चारा घालणं, बाटल्या विसळणं ही त्याची कामं. सकाळी कानात पडलेलं दुपारपर्यंत गेटवर पोचवणं, हे वरकाम.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक औषध तपासायला घेतलं. आपल्या फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात बघा. त्यांना आतून साबणाच्या पाण्यासारखा थर असतो, म्हणून श्वास सोडला तरी ते मिटून चिकटत नाहीत. फुप्फुसाला मार बसला की तो थर जातो, आणि मग दर श्वासाला ओली पिशवी फुगवायची. बाईंचं औषध म्हणजे तोच थर, बाहेरून सोडलेला. बारा सशांना गुंगी देऊन त्यांचा थर धुऊन काढला. मग सहांना औषध, सहांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते बंद पाकिटात. खुद्द बाईंनाही ठाऊक नाही, म्हणजे मनाचे लाड आकड्यात उतरायला नकोत.

आणि सशांचे श्वास मोजायला कोण? भोंगा. सशाच्या वरखाली होणाऱ्या कुशीकडे त्याच्याइतकं टक लावून बघणारं दुसरं होतं कोण? चौथीत शाळा सुटलेला गडी. आपले आकडे बाईंच्या वहीत चढणार म्हटल्यावर त्यानं शर्टाला इस्त्री मारली.

पण औषधाच्या बाटल्या विसळणाराही भोंगाच, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बाटल्यांना काळी पट्टी, वर सशाचा नंबर. मंगळवारी नळाखाली धरली तर एक बाटली साबणासारखी फसफसली, फेस जाता जाईना. दुसरी गप्प. तिसरी गप्प. चौथी फसफसली. बारावी धुऊन होईस्तोवर पाकीट न फोडता भोंग्याला सगळं कळलं होतं.

एक कान पडलेला ससा त्याचा लाडका. त्याच्या बाटलीतून काय निघालं, ते मलाही ठाऊक नाही. पण त्या दुपारी त्याचे श्वास मोजताना भोंगा अडखळला. ऐंशी की नव्वद? मनाला हवा होता तोच आकडा हातानं लिहिला. लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवून दिली.

घरी बायको म्हणाली, "आज तोंडाला कुलूप? नोकरी गेली का पोट बिघडलं?"

"पोट."

"मग जेवू नका," म्हणून तिनं ताट उचललं. उपाशी झोपला, पण बोलला नाही.

बुधवारी त्यानं गेटवाल्याला गाठलं. "पिंजऱ्यांचे नंबर झाक, माझ्या माघारी जागा बदल, आणि पुढं पुठ्ठा असा लाव की मला नुसती कूस दिसेल. कुठला कुठं ठेवलास ते तुझ्यापाशी लिहून ठेव."

"कशाला रे?"

"ते विचारू नकोस."

"भोंग्या, तू सांगायचं टाळतोयस? ताप बघू तुझा."

तीन दिवस असं चाललं. शुक्रवारी बाई आल्या आणि पुठ्ठे बघून थबकल्या. "मामा, हा काय बाजार मांडलाय?"

भोंग्यानं फेसाचं सांगितलं. नंबर तेवढा एकही सांगितला नाही. "मंगळवारचं पान तेवढं खोडा, बाई. ते सशाचे श्वास नाहीत, माझे आहेत."

"कुणाकुणाला बोललात?"

"कुणाला नाही. बायकोलाही नाही."

बाई चाऱ्याच्या पोत्यावर बसल्या. "बायकोलाही नाही?" आणि अशा हसायला लागल्या की ससे कोपऱ्यात पळाले. मग त्यांनी मंगळवारच्या पानावर रेघ मारली. बुधवारपासूनची पानं ठेवली, कसे मोजले ते शेजारी लिहून. "पण आता मोजायचं नाही तुम्ही. ज्याला काही माहीत नाही असा माणूस आणा, त्याला शिकवा."

भोंग्याचा चेहरा पडला, तो 'शिकवा' ऐकून परत वर आला.

आता असा माणूस आणायचा कुठून? गेटवाला मोजताना दहाच्या पुढं पेंगतो. मला चष्म्याशिवाय ससा आणि उशी सारखीच दिसते. तुमची नजर चांगली आहे, आणि इतकं ऐकूनही कुठल्या सशाला काय दिलं, ते तुम्हाला कळलेलं नाही. तेव्हा उद्या नऊला मोजायला या. आणि भोंग्याला काही विचारू नका हं. विचारलं की बिचाऱ्याला सांगावंसं वाटतं.