दोरावरचे जंतू

घरात तिला जंतूबाई म्हणत. नाव थोरल्या भावाने ठेवलेलं. जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत काचेच्या ताटल्यांवर जंतू वाढवून ते ओळखायचे, हे तिचं काम. "आम्ही गाई पाळतो, ही जंतू पाळते," असं दादा आल्यागेल्याला सांगायचा, आणि तीही हसण्यावारी न्यायची.

त्या वर्षी मात्र दादाचं हसू मावळलं. गाय व्याली की मागोमाग दुखणं ठरलेलं. वासरामागून येणारी वार वेळेवर पडायची नाही, अंग तापायचं, मागून तांबूस, घाण वासाचं पाणी गळायचं आणि गाय गव्हाणीकडे ढुंकूनही बघायची नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, पण गुण येईना. एक गाय दगावली. जगल्या त्या पुन्हा गाभण राहीनात.

शेवटी वहिनीनेच फोन केला. "वन्सं, तुम्ही या बाई. हे स्वतःहून काही बोलायचे नाहीत."

ती डॉक्टरांना सोबत घेऊनच गोठ्यात शिरली. आजारी गाईंच्या गर्भाशयातून त्यांनी लांब काडीच्या बोळ्यावर नमुने घेतले. मग तिने आणखी बोळे काढले आणि जमीन, पेंढा, बादली यांवरून ते फिरवत ती खुंटीवरच्या दोरापाशी आली. वासरू बाहेर ओढायला दादा वापरायचा तो दोर.

"आता त्याला काय झालंय?" दादा फणकारला.

"तेच बघायचंय."

प्रयोगशाळेत ताटल्यांवर जे उगवलं ते तिने पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. गाईंच्या पोटातले जंतू आणि दोरावरचे जंतू एकाच जातीचे निघाले. त्यांच्यात औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवून पाहिलं, तर नेहमीच्या औषधाभोवती ते खुशाल माजलेले. दुसऱ्या एका औषधाभोवती मात्र लख्ख मोकळं रिंगण पडलं होतं.

औषध लगेच बदललं. दादाला सांगणं त्याहून अवघड होतं. त्याच्यासारखं वासरू सोडवणारा आसपास कुणी नाही, असा त्याचा लौकिक.

"दादा, तुला धीर धरवत नाही. गाय आपली आपण व्याली असती, तरी तू हात घालतोस. त्या हातावरून, त्या दोरावरून हे आत जातं."

"म्हणजे गाय मी मारली?"

"जंतूंनी मारली. त्यांना वाट कुठून मिळाली, तेवढं सांगतेय."

तो ताडकन उठून गेला. तिला वाटलं, झालं, आता हा वर्षभर अबोला धरणार. पण थोड्या वेळाने धुराचा वास आला. दादा अंगणात उभा राहून दोर जाळत होता. मग बाह्या सरसावून त्याने विणीची खोली घासायला घेतली, आणि वहिनी गरम पाण्याच्या बादल्या आणून देत राहिली.

पुढची गाय, चांदी, व्यायला आली तेव्हा तिघंही दाराशी उभी होती. दादाचे हात शिवशिवत होते.

"अगं, अडलंय ते!"

"अडलेलं नाही. पाय दिसतायत, नाक दिसतंय. अडलंच तर डॉक्टर आहेत. तू थांब."

तिने त्याचं कोपर घट्ट धरलं. चांदीने एक जोराची कळ दिली आणि वासरू सुळकन ताज्या पेंढ्यावर आलं. पुढे काही तासांत वारही आपसूक पडली. ताप नाही, वास नाही. चांदी उठली आणि गव्हाणीत तोंड घालून अशी अधाशासारखी खायला लागली की वहिनीला हसू आवरेना.

त्यानंतर व्यालेली एकही गाय आजारी पडली नाही. आधी आजारी पडलेल्या गाई मात्र गाभण राहतील का, हा घोर होताच. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी पहिलीत हात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "गाभण!"

दुसरीपाशी गेले. "ही पण!"

तिसरीपाशी त्यांनी नुसता अंगठा वर केला. दादाने टोपी आढ्यापर्यंत भिरकावली आणि बहिणीला भर गोठ्यात उचलून गरागरा फिरवलं. "अरे सोड, पडेन!" ती ओरडत होती, पण हसण्याचा आवाज त्याच्यापेक्षा तिचाच मोठा होता, आणि सगळ्या गाई रवंथ थांबवून या वेड्या माणसांकडे बघत राहिल्या.