तीच हवा पुन्हा पुन्हा

"काका, तुमच्या भिंतीला एक भोक पाडलं तर चालेल का?"

माझ्या खिडकीखाली अंगणात घरमालक काका स्कूटर पुसत होते. त्यांचा हात थांबला. विचारणारी होती आमच्या घरातली नववीतली मुलगी. जिन्याआडून तिच्या दोन मैत्रिणी तोंड दाबून हसत होत्या, कारण "हिंमत असेल तर विचारून दाखव" ही पैज त्यांनीच लावली होती.

"केवढं भोक?"

तिने दोन्ही हातांनी गोल करून दाखवला. "जेवायच्या ताटाएवढं."

"अगं, घर भाड्याने दिलंय, भिंती नाही दिल्या! आणि तुमचा तो पंखा आधी गप्प करा. दुपारभर डोक्यात किरकिर!"

मित्रांनो, तो किरकिरणारा मीच. मी एक जुना एक्झॉस्ट पंखा आहे आणि खरं सांगायचं तर आता फार थकलो आहे. या घरातला धूर मी बाहेर टाकतो आणि चिमणी म्हणतात मात्र त्या मुलीला! अर्थात ते तिचं लाडाचं नाव आहे. माझ्या लाडाचं नाव अजून कोणी ठेवलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापून माझी पाती केली, वाकवली, त्यांना राखाडी रंग दिला. तिथून मी एका खाणावळीच्या स्वयंपाकघरात गेलो. अकरा वर्षं मी तिथे वाफ आणि फोडणीचा ठसका बाहेर फेकला. पुढचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. तिथून ताजी हवा आत यायची आणि मी मागून शिळी हवा हाकलायचो. घामाघूम आचारी माझ्याकडे बघून म्हणायचा, "हा आहे म्हणून मी उभा आहे." इतकं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही. खाणावळ बंद झाली आणि मी भंगारवाल्याच्या ढिगात पडलो. अंगावर तेलाचा थर आणि थरावर धूळ.

एक दिवस चिमणीचे बाबा तिथे आले. त्यांनी बोटाने माझं पातं फिरवून पाहिलं. "म्हातारा आहे, पण चालेल," असं म्हणून त्यांनी मला घरी आणलं. चिमणीची आई काचेचे मणी करते. त्यासाठी तिच्या टेबलावर एक टॉर्च आहे. अंधारात लावतात ती नव्हे हं! ही गॅसवर चालते आणि तिची निळी, टोकदार ज्योत फुसफुसत असते. आई त्या ज्योतीत काचेची कांडी धरते, काच मधासारखी लोंबू लागते आणि ती तिला तारेवर गुंडाळते. हे जमायला तिला सहा वर्षं लागली. पण ज्योतीतून आणि रंगीत काचेतून डोळ्यांना न दिसणारे वायू निघतात. ते बाहेर काढायचं काम माझं. भाड्याच्या भिंतीला हात लावायचा नव्हता. म्हणून बाबांनी छताजवळच्या छोट्या खिडकीची काच काढली, तिथे प्लायवूडची फळी बसवली आणि फळीत मला.

बाबा हौशी माणूस. घरभर वास पसरू नये म्हणून त्यांनी खोलीचं दार लावून खालच्या फटीत जुनी चादर कोंबली. मग खूश होऊन म्हणाले, "बघ, कसा जोरात ओढतोय!"

मित्रांनो, मी जोरात ओरडत होतो. ओढत नव्हतो. आत हवा यायला वाटच नव्हती, मग बाहेर काय टाकणार? जी थोडी टाकायचो, ती फळीच्या फटीतून पुन्हा आत यायची. मी ती पुन्हा टाकायचो. ती पुन्हा यायची. दिवसभर तीच हवा! भरपूर काम करून माणूस दमतो, तसा मी काहीच काम न होता दमत होतो.

आईचं डोकं रोज दुखू लागलं. पैजेच्या दिवशी मैत्रिणी मणी ओवायला खोलीत बसल्या, तर अर्ध्या तासात त्यांचीही डोकी धरली. म्हणून तर भिंतीला भोक पाडायची कल्पना निघाली.

काकांचं उत्तर ऐकून बाबा वैतागले. "असं विचारतात का कोणी? उद्या घर खाली करा म्हणाले म्हणजे?"

"राहू दे आता," आई म्हणाली. "मी टॉर्च विकून टाकते. रोज डोकं धरून बसायचं, त्यापेक्षा नकोच ते." ती कांड्या रंगाप्रमाणे बांधू लागली. चिमणी मान वर करून माझी फिरणारी पाती निरखू लागली.

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर चढली आणि माझ्यासमोर टिश्यू पेपरची पट्टी धरली. पट्टी नुसती लोंबत राहिली.

"बाबा, हा काहीच ओढत नाहीये."

"काहीतरीच! आवाज ऐक की."

"आवाज तर मीही करते. त्याने हवा बाहेर जाते का?"

तिने खाली उतरून चादर खेचली आणि दार उघडलं. पुन्हा पट्टी धरली, तर ती हातातून सुटून फट्दिशी माझ्या जाळीला चिकटली! कितीतरी दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला. बाबा चादरीकडे बघत राहिले. "म्हणजे तुझ्या आईला मीच कोंडून ठेवलं होतं," ते हळूच म्हणाले.

आईने टॉर्च पेटवून पाहिली. दारातून येणाऱ्या वाऱ्याने ज्योत आडवी झाली. शिवाय मी छताला, तिच्या डोक्यावर. "हे सगळं माझ्या नाकावरूनच वर जातंय गं," ती म्हणाली आणि तिने ज्योत बंद केली. मी टेबलाच्या उंचीवर, तिच्या समोर हवा होतो आणि ताजी हवा तिच्या पाठीमागून यायला हवी होती. समोर मोठी खिडकी आणि मागे गॅलरीचं दार अशी एकच खोली या घरात आहे. ती चिमणीची. धाकट्या भावाशी वर्षानुवर्षं भांडून ती तिला यंदाच मिळाली होती. चिमणी तिकडे गेली आणि बराच वेळ आली नाही.

तोवर माझं ऐका, मित्रांनो. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या पात्यांवरचा थर अधूनमधून पुसा. आम्हाला कामाला लावाल तेव्हा हवेला आत यायला एक वाट ठेवा. नुसत्या आवाजावर समाधान मानू नका. आवाज करणारे पुष्कळदा मदत मागत असतात.

तेवढ्यात चिमणी धापा टाकत दारात आली. केस विस्कटलेले, कोपराला खरचटलेलं.

"आई, बाबा, माझं ठरलंय. आजपासून माझी खोली आईच्या काचेची आणि मी या खोलीत. टॉर्च विकायची नाही. चर्चाही नकोय, कारण मी पलंग ओढत आणलाय आणि तो मधल्या दारात अडकलाय. बाबा, या ना, जरा हात लावा."