पान एकशे बेचाळीसवरची बाई

पुस्तक घरात आलं तेव्हा ताईने ते आधी हातावर तोलून बघितलं, मग चष्मा लावला आणि आपलं पान काढलं. दोनदा वाचलं. "एवढ्या जाडजूड पुस्तकात माझ्या वाट्याला दीड पान," ती म्हणाली, "आणि त्यात खरं वाक्य एकच."

ते एक कुठलं, हे तिला त्या दिवशी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

ताई म्हणजे बस स्टँडसमोरच्या लॉजची मालकीण. वरच्या मजल्यावर सात खोल्या, खालून वर येणारा लाकडी जिना, त्याची वरून तिसरी पायरी कुरकुरणारी, आणि दारातून आत शिरल्याबरोबर भिंतीवर किल्ल्यांचा फळा. लॉज आधी आईचं, आईमागे हिचं. अख्खं गाव तिला ताई म्हणायचं. तिच्याहून वयाने मोठी माणसंही म्हणायची, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एक प्रवासी गाडी चुकली म्हणून एक मुक्काम करून गेला. आल्या आल्या गरम पाण्यावरून कटकट, जेवताना डासांवरून कटकट, आणि सकाळी निघाला तो लॉजचा टॉवेल घेऊन. तेव्हापासून घरात त्याचं नाव टॉवेलवाला. या टॉवेलवाल्याने दूरदूरच्या गावांवर पुस्तक लिहिलं. ते हातोहात खपलं, आणि त्यात पान एकशे बेचाळीसवर ताई निघाली.

'जगाच्या या टोकाला,' असं त्याने लिहिलं होतं, 'एक मूक स्त्री रोज सायंकाळी सहा वाजता खिडकीत उभी राहते आणि निघून गेलेल्या पतीची वाट पाहते. गालावर ओघळलेला अश्रू ती पुसत नाही. प्रतीक्षेने तिच्या कपाळावर एक रेघ ओढली आहे.'

आता ऐका. मूक स्त्री म्हणजे त्या दिवशी ताईची दाढ ठणकत होती आणि तोंड उघडायची सोय नव्हती. अश्रू म्हणजे दाढेत धरलेल्या लवंगेच्या तेलाची कृपा. जगाचं टोक म्हणाल तर ती इथेच जन्मली, इथेच वाढली, तिला काही ते टोक कधी टोचलं नाही. कपाळावरची रेघ नवऱ्याने दिलेली, किल्ल्यांचा जुडगा फेकून. आणि 'निघून गेलेला पती' वगैरे तर शुद्ध थाप. ताईने त्याला हाकलला होता.

अकरा वर्षं तिने त्याचा मार खाल्ला. मग एका सकाळी तो दाढी करायला गेला असताना त्याची ट्रंक ओढत नेऊन तिसऱ्या पायरीवर ठेवली आणि दाराला आतून कडी घातली. तो दार बडवून बडवून दमला, खालच्या पानवाल्यापासून वरच्या गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या, आणि शेवटी ट्रंक घेऊन गेला. याला एकोणीस वर्षं झाली. आपल्या हिमतीवर केलेली अशी आयुष्यात तिची ती एकच मोठी गोष्ट. टॉवेलवाल्याने नेमकी तीच उचलून नेली, आणि जाताना तिच्या हातात रडायला रुमाल देऊन गेला. टॉवेलाचं काही नाही हो, टॉवेल काय, मिळतात.

सहा वाजता ती खिडकीत उभी राहायची, एवढं मात्र खरं.

वाचक यायला लागले ते पुस्तक निघाल्यावर दोन-तीन महिन्यांनी. काखेत पुस्तक, पानात खूण, चेहऱ्यावर कुणाला तरी भेटायला दवाखान्यात आल्यासारखा भाव. कुणी खिडकीच्या गजांना हात लावून डोळे मिटायचे. एका नव्या जोडप्याने खिडकीत उभं राहून फोटो काढले, त्यात नवरी वाट बघत होती आणि नवरा शेजारीच उभा होता. एक निवृत्त मास्तर आले, त्यांनी ताईला समोर बसवून तिचंच पान तिला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचता वाचता त्यांनीच डोळे पुसले.

"मास्तर, मी वाट बघत नाही," ताई म्हणाली. "मी त्याला घालवला. ट्रंकेसकट."

मास्तर समजूतदारपणे हसले. "असं म्हणावंच लागतं मनाला," ते म्हणाले.

ताईने कपाळावर हात मारला. ज्याला त्याला ती सांगून थकली, पण पालथ्या घड्यावर पाणी. पुस्तकात छापलंय म्हटल्यावर समोर जिवंत उभ्या बाईचं कोण ऐकतो? तिने प्रकाशकाला पत्र लिहिलं, चांगलं खरमरीत. उत्तर आलं की आपली भावपूर्ण प्रतिक्रिया वाचून आम्ही भारावून गेलो, नव्या आवृत्तीत तिचा अवश्य विचार करू.

सगळ्यात वाईट म्हणजे घरभेदी घरातच होता. ताईचा धाकटा भाऊ लॉजचं रजिस्टर बघायचा. खोल्या भरलेल्या दिसल्यावर त्याच्या अंगात आलं. जिन्याच्या तोंडाशी त्याने रंगवलेली पाटी लावली: 'पान १४२ ची खिडकी. वेळ सायंकाळी सहा.'

"ताई, तुझं काय जातंय?" तो म्हणाला. "रोज उभी राहतेसच की. थोडं डाव्या बाजूला राहिलीस तर जिन्यावरून पण दिसशील."

"माझं काय जातंय ते तुला कळत असतं तर तू ही पाटी लावली नसतीस," ताई म्हणाली. त्या संध्याकाळी तिने खिडकीत उभं राहणं बंद केलं. गजांवरून दोरी बांधली आणि ओल्या चादरी वाळत टाकल्या, रोज चार. घ्या बघा, म्हणाली, वाट बघणाऱ्या चादरी. लोकांनी त्यांचेही फोटो काढले.

असा महिना गेला. बाकीचे वाचक एक-दोन दिवस राहून परतायचे, पण एक चष्मेवाली मुलगी तिसऱ्यांदा येऊन राहिली होती. शिवणकाम करायची, शेजारच्या तालुक्याहून यायची. पहिल्या खेपेला ती ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. त्या दीड पानात एवढं रडण्यासारखं काही नव्हतं. ताईने तिला काही विचारलं नाही. चहा दिला. तिला ताई एवढंच म्हणाली, "पुस्तकातलं खोटं आहे, बाई." आणि ही एकटीच अशी निघाली की जिने उलट विचारलं, "मग तुम्ही उभ्या कशाला राहायच्या?" तेवढ्यात चार नंबरमधून कुणीतरी गरम पाणी मागितलं आणि ते तसंच राहिलं.

त्या दिवशी सहाची गाडी आली तेव्हा ताई आतल्या बाजूला उशांचे अभ्रे बदलत होती. बाहेर दाराशी मास्तर होते, दुसऱ्यांदा आले होते, या वेळी बहिणीला घेऊन. चष्मेवाली होती. धाकटा रजिस्टर लिहीत होता. तिसरी पायरी कुरकुरली. गिऱ्हाइकाच्या पायाखाली ती मोठ्याने कुरकुरते. या वेळी मात्र वाजलीच नाही म्हणावी इतकी कमी वाजली, पाय कडेला ठेवल्यासारखी. ती युक्ती माहीत असलेली माणसं तीनच. त्यातली दोन घरात होती.

ताई अभ्रा हातात घेऊन बाहेर आली. दारात नवरा उभा. केस पांढरे झालेले, दाढी गुळगुळीत, एका हातात बॅग, दुसऱ्यात ते पुस्तक. पानात बसचं तिकीट खुणेला घातलेलं.

"वाचलं मी," तो म्हणाला. "आलो."

मास्तरांच्या बहिणीने पदर डोळ्यांना लावला. मास्तर नुसते बघत राहिले, हरवलेलं शेवटचं पान सापडावं तसे. धाकटा उठून उभा राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं, तरी त्याच्या तोंडून निघालं, "ताई, आता एवढी वर्षं झाली..."

ताई घाबरली. तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला, आणि एकोणीस वर्षांपूर्वीची ती परत त्याच जागी उभी राहिली. तिने खिडकीकडे बघितलं. गजांवर चादरी. एकोणीस वर्षं एक संध्याकाळ चुकवली नव्हती, ती या दीडशहाण्यांपायी महिनाभर चुकवली, आणि तेवढ्यात हा वर चढून आला. त्या विचारासरशी तिची भीती कुठल्या कुठे गेली आणि तिथे राग आला. राग बरा. रागाला हात-पाय असतात.

नवरा सरळ आत आला. फळ्याशी गेला, सवयीने मोठा जुडगा काढला आणि बोटावर फिरवायला लागला. "कुठली खोली रिकामी आहे?" त्याने धाकट्याला विचारलं.

"जुडगा ठेव," ताई म्हणाली.

"अगं, रागावतेस काय? वाट बघत होतीस ना? सगळ्या जगाने वाचलंय."

"बघत होते," ताई म्हणाली.

मास्तरांनी सुस्कारा सोडला.

"रोज बघत होते," ताई म्हणाली. "सहाच्या गाडीतून तू उतरलास तर मला कोपऱ्यावरच दिसावास, आणि तू जिना चढायच्या आत माझी कडी लागलेली असावी, म्हणून. पुस्तकात तेवढं राहिलं."

धाकट्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

"आणि ही रेघ वाट बघून पडलेली नाही. तुझ्या हातात आहे त्या जुडग्याने पडली. त्यातली ती मोठी किल्ली. गच्चीची."

सगळ्यांनी किल्लीकडे बघितलं. नवऱ्याने जुडगा फिरवणं थांबवलं. मग तो हसला, पूर्वी शेजाऱ्यांसमोर हसायचा तसाच. "लोकांसमोर तमाशा नको," तो म्हणाला. "आत बसून बोलू."

"आत काही नाही. जे काय असेल ते लोकांसमोर. लोक तुझ्या हातातल्याच पुस्तकातून आलेत, बघू देत की."

तेवढ्यात चष्मेवाली पुढे झाली आणि तिने नवऱ्यासमोर तळहात धरला. "द्या," ती म्हणाली. तिने हात मागे घेतला नाही. त्याने एकदा मास्तरांकडे बघितलं. मास्तर भिंतीकडे बघत होते. धाकट्याकडे बघितलं, तर धाकटा येऊन ताईच्या शेजारी उभा राहिला होता. त्याने जुडगा त्या हातावर टाकला.

ताईने त्याची बॅग उचलली. ट्रंकेपेक्षा हलकी होती. ती तिने तिसऱ्या पायरीवर नेऊन ठेवली, मधोमध, पायरी चांगली खणखणीत कुरकुरली. मग ती बाजूला झाली. नवरा बॅगेमागे गेला. ट्रंकेमागेही असाच गेला होता, फक्त या वेळी शिव्या जिन्याच्या खाली पोचल्यावर दिल्या. ताई आत आली आणि सगळ्या पाहुण्यांना आत घेऊन तिने कडी घातली.

मास्तर खुर्चीत टेकले. "पण मग पुस्तकात त्यांनी असं कसं..." ते पुटपुटले.

"पुस्तकात टॉवेल पण नाही, मास्तर," ताई म्हणाली.

ती खिडकीशी गेली आणि एकेक करून चादरी काढल्या. खाली नवरा परतीच्या गाडीत चढत होता. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. या वेळी तिला बघायला कुणी पुढे आलं नाही. धाकटा न सांगता खाली गेला आणि पाटी काढून आणली.

चष्मेवाली कडीजवळच उभी होती. जुडगा अजून तिच्या हातात होता. तिने कडी एकदा मागे घेतली, पुन्हा घातली.

"ताई, ही कुठे मिळते?"

ताईने तिच्याकडे नीट बघितलं. ही पहिल्या खेपेला कशापायी रडली, ते तिसऱ्या खेपेला कळलं. "कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात," ती म्हणाली. "स्क्रू लांब घे, त्यांनी दिलेले आखूड असतात. तुझ्या घराला रस्त्याकडे खिडकी आहे?"

"आहे."

"मग झालं," ताई म्हणाली, आणि तिच्यासाठी ड्रॉवरमध्ये स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागली.